आवाज येतो, शब्द येत नाही

अकराशे, बाराशे, तेराशे, सतराशे, अठराशे. जरा मोठ्याने म्हणून बघा. (ऑफिसात असाल तर मनातल्या मनात म्हणा, नाहीतर शेजारच्याला वाटेल पगारवाढीचं चाललंय.) पाचही आकड्यांची शेपटी एकच, 'राशे'. फरक आहे तो सगळा सुरुवातीच्या एक पंचमांश सेकंदात. आता 'सतराशे'मधला 'स' काढून टाका. उरतं 'अतराशे'. ते 'अठराशे'च्या किती जवळ आहे बघा. मध्ये फक्त 'त' आणि 'ठ' एवढंच अंतर.

हे अंतर किती पैशांचं असतं ते मला लासलगावात कळलं.

लासलगाव माझं आजोळ. कांदा म्हटलं की टीव्हीवर ज्या बाजार समितीचं गेट दाखवतात तेच ते. ज्यांनी तिथला लिलाव पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकत जातो. कुणी ट्रॉलीवर चढून चार कांदे हातात घेऊन दाबून बघतो, कुणी नुसता लांबूनच रंग बघतो. भाव पुकारला जातो, बोली वर चढत जाते, आणि तुम्ही चष्मा पुसेपर्यंत भाव ठरलेला असतो. शेतकऱ्याने मान डोलावली की पावती फाटते, ट्रॉली काट्याकडे निघते, घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी. या सगळ्याच्या मागे चालू ट्रॅक्टर, हॉर्न, हमालांच्या हाका, आणि शेजारच्या रांगेत चाललेला दुसरा लिलाव. आपल्या स्टँडअप मीटिंगपेक्षा वेगवान, आणि इथे निर्णयसुद्धा होतात!

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात मामांनी अशीच उन्हाळ कांद्याची ट्रॉली नेली होती. त्यांनी 'अठराशे' ऐकलं आणि मान डोलावली. पावतीवर सतराशे. बावीस क्विंटल माल, म्हणजे बावीसशे रुपयांचा फरक. मामा भडकले, व्यापाऱ्याला फसवणूक केलीस म्हणाले, आवाज चढले. शेवटी रांगेतल्या चार ओळखीच्या माणसांनी सांगितलं की काका, सतराशेच म्हटलं होतं, आम्ही ऐकलं. त्यातला एक तर मामांचा सख्खा चुलतभाऊ.

मामा काही न बोलता घरी आले. त्यानंतर ते लिलावाला जाईनात. ट्रॉली घेऊन धाकटा मामेभाऊ जायचा. ज्या माणसाने चाळीस वर्षं त्या आवारात भाव ऐकले, तो आता सकाळी नऊ वाजता ओट्यावर पेपर वाचत बसलेला असायचा. घरात यावर दोन थिअऱ्या होत्या. मामीची थिअरी: मामांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. मामेभावाची थिअरी: बाबांचं वय झालं, आता मशीन घ्यायला पाहिजे.

मशीन घेतलं. नाशिकच्या एका दुकानात कान तपासले, कानामागे अडकवायचं यंत्र मिळालं, आणि पंधरा दिवसांत ते देवघरातल्या डबीत जाऊन बसलं. मी दिवाळीत गेलो तेव्हा विचारलं, "मामा, का घालत नाही?" तर म्हणाले, "अरे, आवाज तर आधीपण येत होता. आवाज येतो, शब्द येत नाही. मशीन घातलं की मामी मोठी होते आणि ट्रॅक्टरपण मोठा होतो."

माझ्यासारख्या कोडकरी माणसाच्या डोक्यात हे वाक्य अडकलं. कारण हा आवाज वाढवून सुटणारा बग नव्हताच. सर्व्हर डाऊन नाहीये, पॅकेट येतायत, तरी पलीकडे पोचेपर्यंत मेसेजचा चोथा होतोय. जे लोक रोज संध्याकाळी साता समुद्रापारच्या क्लायंटशी इंटरनेटवरून बोलतात त्यांना हे लगेच कळेल. आवाज अर्धा सेकंद उशिरा आला तरी वाक्य समजतं, फक्त दोघं एकदम बोलतात. पण प्रत्येक पॅकेट वेगवेगळ्या उशिराने आलं तर? आवाजाची पातळी तीच राहते, पण माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. पहिल्याला आपण लेटन्सी म्हणतो, दुसऱ्याला जिटर. लेटन्सी चालवून घेता येते. जिटर शब्द खातो.

मग मी कानाबद्दल वाचायला लागलो, आणि कळलं की आपल्या शरीरात जिटरचं सगळ्यात जास्त वावडं जर कुठल्या वायरिंगला असेल तर ते या.

कानाच्या आत शंखासारखी वेटोळी नळी असते, कॉक्लिया. तिच्यात साधारण साडेतीन हजार 'आतल्या' हेअर सेल्स, प्रत्येक कानात. (नावात केस असले तरी या पेशी आहेत, वर सूक्ष्म तुरे असतात म्हणून ते नाव.) आवाजाने पडदा थरथरला की ती थरथर या पेशींपर्यंत येते आणि त्या आपल्याला जोडलेल्या नसेच्या तंतूंना ढोसतात. तंतू सुमारे तीस हजार. म्हणजे माझ्या फोनच्या कॅमेऱ्यात जेवढे लाख पिक्सेल आहेत त्यापुढे हे काहीच नाही. एवढ्या थोड्या तारांवर लताबाई, ट्रॅफिक आणि मामी हे सगळं कसं मावतं? उत्तर असं की यातली बरीच माहिती 'कोणती तार वाजली' यात असते, आणि उरलेली 'नेमकी कधी वाजली' यात.

हे 'कधी' फार भारी प्रकरण आहे. समजा एखाद्या बाईचा आवाज २०० हर्ट्झचा आहे, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी एक लाट. नसेचा तंतू प्रत्येक लाटेला वाजतोच असं नाही, पण जेव्हा वाजतो तेव्हा लाटेच्या त्याच टप्प्यावर वाजतो. याला फेज लॉकिंग म्हणतात. आणि एकेका तंतूला दर वेळी जवळजवळ एक मिलिसेकंद दम घ्यावाच लागतो, सलग वाजायचं झालं तर सेकंदाला काहीशे वेळा, त्यापलीकडे त्याची मजल नाही. मग १००० किंवा २००० हर्ट्झचं काय? तर तंतू आळीपाळीने वाजतात. वीवर आणि ब्रे या दोन अमेरिकनांनी १९३०च्या सुमारास ही कल्पना मांडली.

मला हे समजलं ते दिंडीवरून. दिंडीतला प्रत्येक वारकरी प्रत्येक ठोक्याला टाळ वाजवत नाही. कुणी दमतो, कुणी पाणी पितो, कुणी फेटा सावरतो. पण वाजवेल तेव्हा ठेक्यावरच वाजवेल. म्हणून अर्धा मैल लांबून ठेका स्वच्छ ऐकू येतो, जरी एकही माणूस तो पूर्ण वाजवत नसला तरी. आता दिंडी दोन प्रकारे बिघडू शकते. एक, माणसं तेवढीच आहेत पण प्रत्येक जण थोडा मागेपुढे वाजवतोय. आवाज तेवढाच राहील, ठेका मात्र जाऊन नुसता खळखळाट उरेल. दोन, निम्मी माणसं घरी गेली. शांत रानात उरलेल्यांचाही ठेका कळेल, पण शेजारून डीजे गेला की संपलं. हे दोन बिघाड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

फेज लॉकिंग चार-पाच हजार हर्ट्झपुढे विरत जातं. तिथे मग 'कोणती तार' यावरच भिस्त. पण आपण बोलतो त्याचा गाभा या मर्यादेच्या आतच आहे.

वेळेची ही नजाकत दिशा ओळखायलाही लागते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोचतो. डोकं केवढं, तर हा फरक जास्तीत जास्त सहा-सातशे मायक्रोसेकंद, म्हणजे मिलिसेकंदाच्या आतच. आणि चांगला कान किती फरक ओळखतो? दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास. सेकंदाचा एक लाखावा भाग! नसेतला एक ठोका स्वतःच जवळजवळ एक मिलिसेकंद लांब असतो हे लक्षात घेतलं तर हा आकडा बघून माझं परफॉर्मन्स ट्यूनिंगचं सगळं गर्वहरण झालं.

लॉइड जेफ्रेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली, कुणी मेंदूत बघण्याच्या आधीच, कागदावर एक सर्किट मांडलं. दोन्ही कानांकडून तारा येतात, एकीची लांबी वाढत जाते, दुसरीची कमी होत जाते, आणि मध्ये बसलेल्या पेशींपैकी जिच्याकडे दोन्ही ठोके एकाच क्षणी पोचतात ती पेशी ओरडते, 'आवाज इथून आला!' पुढे १९८०च्या दशकात मासाकाझू कोनिशी आणि कॅथरीन कार यांना जवळजवळ हुबेहूब हीच रचना गव्हाणी घुबडाच्या मेंदूत सापडली. तेच पांढऱ्या बदामी तोंडाचं घुबड, जे मामांच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर राहायचं आणि ज्याला आम्ही लहानपणी भूत समजायचो. मिट्ट काळोखात नुसत्या खसफशीवर ते उंदीर उचलतं. माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या मेंदूत रचना इतकी सरळसोट नाहीये, पण दोन कानांतल्या वेळेची तुलना आपणही करतो, आणि ती फक्त दिशेसाठी नाही. गोंगाटातून एका माणसाचं बोलणं वेगळं काढायला ती वापरतो. हा बोलणारा डावीकडे, तो ट्रॅक्टर उजवीकडे, मग ट्रॅक्टर वजा करा. कॉलिन चेरी याने १९५३ साली या करामतीला 'कॉकटेल पार्टी'चा प्रश्न असं नाव दिलं. तो लासलगावला आला असता तर नाव वेगळं पडलं असतं.

आता परत 'त' आणि 'ठ'कडे येऊ, कारण इथे मराठी खास आहे.

'ताट' आणि 'थाट'. दोन्हींत जीभ दातांमागे त्याच जागी टेकते. फरक कुठे? जीभ सुटल्यापासून गळ्यातला स्वर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, त्यात. 'त'मध्ये तो जवळजवळ लगेच सुरू होतो. 'थ'मध्ये मध्ये काही दशक मिलिसेकंद नुसती हवा जाते. 'द'मध्ये उलट, जीभ सुटायच्या आधीच गळा घुमायला लागलेला असतो. म्हणजे 'ताट', 'थाट', 'दाट' यांतला फरक बराचसा घड्याळातला आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हा वेळ मोजला, आणि त्या अकरांत मराठी होती. एकाच मापपट्टीवर जगातल्या बहुतेक भाषांची व्यंजनं नीट वेगळी पडतात हा त्यांचा शोध अजून शिकवला जातो. पट्टी अडखळली ती हिंदी आणि मराठीपाशी, कारण आपल्याकडे 'द' आणि 'ध', 'ब' आणि 'भ' अशा जोड्या आहेत. 'दार' आणि 'धार' या दोन्हींत गळा आधीच घुमत असतो, फक्त 'ध'नंतरचा स्वर श्वास मिसळून, किंचित हलत निघतो. एक आकडा पुरला नाही. (आपण तर याच्यापुढे जाऊन 'म्हैस', 'न्हाणी' आणि 'व्हा' यांतही श्वास घालतो. अमराठी टीममेटला 'म्हैस' म्हणायला लावा, शुक्रवारची संध्याकाळ मजेत जाते :-) )

तात्पर्य, मराठी ऐकणाऱ्या कानाला दर शब्दात वीस-तीस मिलिसेकंदांचे हिशोब करावे लागतात. तरुण, धडधाकट कानाला शांततेत दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा कळते, त्यामुळे आपल्याला हे जाणवतही नाही. पण दिंडीचा ठेका विस्कटला तर पहिला बळी याच फटींचा जातो. स्वर टिकतात कारण ते लांब आणि जोरदार असतात. व्यंजनं जातात. 'राशे' उरतं.

आता ते दोन बिघाड.

पहिल्याचं अगदी टोकाचं रूप १९९६ साली अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांवरून मांडलं आणि त्याला 'ऑडिटरी न्यूरोपथी' असं नाव दिलं. या लोकांच्या हेअर सेल्स चांगलं काम करत होत्या. आवाज ऐकू येत होता, काहींना तर बऱ्यापैकी हळूही. पण बोलणं समजत नव्हतं, ऑडिओग्राम बघून जेवढं समजायला हवं त्याच्या कितीतरी कमी. आणि बेरा कोरा.

बेरा म्हणजे तीच टेस्ट जिची पाटी तुम्ही कान-नाक-घसावाल्यांच्या दवाखान्याबाहेर वाचली असेल. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावतात आणि कानात टिक-टिक आवाज सोडतात. प्रत्येक टिकनंतर नस आणि मेंदूचा देठ यांतून जी वीज जाते तिच्या पाच लाटा मिळतात, पाचवी साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांवर. ही वीज एका मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असते, डोळ्याच्या पापणीच्या हालचालीत सहज बुडेल अशी. म्हणून हजार-दोन हजार टिकांची सरासरी काढतात. आपल्या लाइनीतल्या लोकांना इथली गोम लगेच दिसेल. सरासरीत लाट टिकायची तर हजारो तंतू एकाच वेळी, आणि दर टिकला त्याच वेळी वाजायला पाहिजेत. एक-दोन मिलिसेकंदांचा जिटर असला की चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि कागदावर सपाट रेघ येते. म्हणजे बेरा कोरा आला याचा अर्थ 'आवाज पोचत नाही' असाच असतो असं नाही, 'एकदम पोचत नाही' असाही असू शकतो.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे सध्या बाळं येतायत. नवजात बाळाची कावीळ फार चढली, किंवा बाळ फार आधी जन्मलं, तर हा बिघाड व्हायची शक्यता वाढते. बिलिरुबिन नेमकं मेंदूच्या देठातल्या ऐकण्याच्या केंद्रांना झोडपतं. आणि दवाखान्यात बाळाच्या कानाची जी झटपट चाचणी होते, ओएई, ती फक्त हेअर सेल्स तपासते. त्या ठणठणीत असल्यामुळे बाळ पास! म्हणूनच २००७च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत असं आहे की पाच दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा पद्धतीची तपासणी करावी. तेव्हा बाळ काचेच्या पेटीत राहिलेलं असेल तर 'ओएई झाली' यावर समाधान मानू नका, बेराचं विचारा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, खास वाचा आणि श्रवण याच विषयाची. अशा बाळांपैकी अनेकांना कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होतो, कारण ते यंत्र विजेचे ठोके थेट नसेला देतं आणि सगळ्या तंतूंना सक्तीने एका ठेक्यावर आणतं. एका जनुकाच्या बिघाडामुळे, ओटॉफर्लिनच्या, हेअर सेल आपला निरोप नसेला देऊच शकत नाही असाही प्रकार आहे. त्यावर २०२४ साली शांघायच्या डॉक्टरांनी सहा मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडून बघितलं, त्यातल्या पाचांना ऐकू यायला लागलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी याला हॉटफिक्स म्हणू नये, पण मला मोह आवरत नाहीये.

मामांचं मात्र असं काही नव्हतं. मामांचं दुसऱ्या बिघाडासारखं, घरी निघून गेलेल्या वारकऱ्यांसारखं असावं.

२००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदीर तात्पुरते बहिरे झाले, आणि नंतर काही दिवसांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली. इथवर सगळ्यांना माहीत होतं. लग्नाच्या वरातीतून आल्यावर कान वाजतात आणि सकाळी ठीक होतात, तसंच. पण त्यांनी कान उघडून बघितला तर हेअर सेल आणि नस यांच्यातले जोड, सिनॅप्स, कानाच्या काही भागात निम्म्याच्या आसपास कायमचे गेलेले. चाचणी म्हणते सगळं ठीक, आणि निम्म्या वायरी तुटलेल्या! पुढच्या कामात असं दिसलं की प्राण्यांमध्ये आधी तुटतात ते बहुतेक असे तंतू जे बारीक आवाजाला जागेच होत नाहीत, मोठ्या आवाजातच काम करतात. म्हणजे गोंगाटात कामाला येणारे नेमके तेच. आणि ऑडिओग्राम काय मोजतो? शांत खोलीत, एकेक शुद्ध सूर, सगळ्यात बारीक किती ऐकू येतो ते. त्याला थोडे तंतू शिल्लक असले तरी पुरतात. माणसांमध्ये, दान केलेल्या देहांच्या कानांच्या अभ्यासात, वयानुसार हेअर सेल्स टिकून असतानाही तंतू कमी होत गेलेले दिसलेत. जिवंत माणसात हे जोड मोजायची सर्वमान्य चाचणी मात्र दवाखान्यात अजून आलेली नाही. कान कापून बघता येत नाही ना.

मामा वीस वर्षांचे असल्यापासून ट्रॅक्टर चालवतायत. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या घरात आवाज असतो. कारखान्यात आठ तासांना जी मर्यादा आपल्या कायद्याने घातली आहे ती ९०. शेतात कुठला इन्स्पेक्टर येणार? नांगरटीच्या दिवसांत आठ तास म्हणजे अर्धा दिवस.

मी मागे लागून मामांना दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. त्या ताईंनी आधी नेहमीचा ऑडिओग्राम काढला. वरच्या पट्टीत थोडी घट, बाकी एकसष्ट वर्षांच्या माणसाला छानच. मग शांततेत मराठी शब्द ऐकवले, मामांनी पटापट सांगितले. मग त्याच पातळीचे शब्द मागे गोंगाट सोडून ऐकवले. मामा काचेपलीकडे बसले होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. तिसऱ्या-चौथ्या शब्दापासून ते अंदाज बांधायला लागले, मग गप्प झाले, मग नुसती मान हलवायला लागले. लिलावात हलवली होती तशीच असणार.

बाहेर आल्यावर ताईंनी मामीला समजावलं की हे नाटक नाही. "यांना आवाज कमी येत नाही, गर्दीत तो सुटा होत नाही." मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मिक्सर चालू असताना मी बोलते ते..." ताई म्हणाल्या, "हो, ते खरंच कळत नाही त्यांना."

मला वाटतं मशीनच्या किमतीपेक्षा हे एक वाक्य जास्त मोलाचं होतं.

यंत्राचंही त्यांनी नीट केलं. सरसकट आवाज वाढवणं बंद, वरच्या पट्टीपुरतं थोडंसं, आणि समोरच्या दिशेचा आवाज घेणारे माइक चालू. दोन्ही कानांना, कारण एकाच कानाला लावलं की डावी-उजवीचा हिशोब आणखी बिघडतो. तरी ताईंनी स्पष्ट सांगितलं की यंत्र नसेचं टायमिंग दुरुस्त करत नाही. उरलेलं काम बोलणाऱ्यांनी करायचं. समोर येऊन बोला म्हणजे ओठ दिसतील. 'प', 'ब', 'म' ओठांवर दिसतात, 'त' आणि 'ठ' दिसत नाहीत, तेव्हा आकडे सुटे सांगा, 'एक-सात-शून्य-शून्य'. आणि ओरडू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत, म्हणजे जे ऐकू येत होतं तेच आणखी ऐकू येतं. थोडं सावकाश बोला, शब्दांमध्ये फट ठेवा. बोलणाऱ्याने दिलेली फट ही ऐकणाऱ्याच्या नसेला दिलेली सवलत आहे.

फोनचा एक शोध मी माझ्या खात्यात जमा करतो. मामांना माझं बोलणं साध्या कॉलवर कळायचं नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कळायचं. मामेभाऊ म्हणायचा, फुकट असतं म्हणून. खरं कारण असं की जुन्या पद्धतीचा कॉल ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो, आणि 'स'चा जीव त्याच्या वरच असतो. सतराशेचा 'स' तिथेच गळतो. इंटरनेटवरचे कॉल सहसा बऱ्याच वरपर्यंतचा आवाज पाठवतात. वेळेचा हिशोब ढिला झालेल्या कानाला निदान एवढा आधार हवाच.

या एप्रिलात मामा परत लिलावाला जायला लागले. रुमालाच्या घडीत छोटी वही असते. मान डोलवायच्या आधी ते वही पुढे करतात आणि म्हणतात, लिहा. सुरुवातीला दोन-चार जण हसले, घोळका थांबतो म्हणून कुरकुरलेही. पण कांदा चांगला असला की व्यापारी चार सेकंद थांबतो. त्या चुलतभावानेही आता खिशात पेन ठेवलंय, त्याला ट्रॅक्टरवर बसून पस्तीस वर्षं झालीत.

मामीची तक्रार मात्र चालूच आहे. पूर्वी स्वयंपाकघरातून भांडता यायचं, म्हणते, आता गॅस बारीक करून, हात पुसून, समोर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तोवर काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं.